एक्सएमएलमधल्या एलिमेंटचा टाइप: नाशिकच्या अभ्यासगटात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी गंगापूर रोडला आमचा एक छोटा अभ्यासगट जमतो. कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सॉफ्टवेअर सांभाळतं, कोणी द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये नोंदी बघतं, कोणी अकाउंट्सचं काम करतं. सगळ्यांच्या टेबलावर एक्सएमएल फाइल, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला नावाच्या खुणा लावलेली फाइल, कुठून ना कुठून येतेच. गेल्या काही महिन्यांत तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आले. उत्तरं तोंडी देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

उदाहरणांतला कोड देवनागरीत का आहे?

वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून. एलिमेंटची, म्हणजे उघडती-मिटती खूण आणि त्यांच्यातला मजकूर यांच्या जोडीची, नावं मराठीत ठेवली आहेत, आणि ती खरोखरच चालतात, त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे. मात्र भाषेचे स्वतःचे शब्द, म्हणजे ‘इन्स्टन्स ऑफ’, ‘व्हॅलिडेट’, ‘डेसिमल’ वगैरे, इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. प्रत्यक्षात ते रोमन लिपीतच टाइप करायचे. आकड्यांचंही तसंच. इथे ‘१२००’ छापलं असलं तरी फाइलमध्ये तो इंग्रजी आकड्यांत आहे असं समजा. हा फरक किती महत्त्वाचा आहे तेही पुढे येईल.

बहुतेक उदाहरणांत हीच एक नोंद वापरली आहे:

<नोंद>
  <दिनांक>२०२४-०४-१२</दिनांक>
  <माल>उन्हाळ कांदा</माल>
  <क्विंटल>३४०.५</क्विंटल>
  <किमान>९५०</किमान>
  <कमाल>१२००</कमाल>
  <सर्वसाधारण>११००</सर्वसाधारण>
</नोंद>

लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारभावाचा तक्ता बघितलेल्या माणसाला ही नावं सांगायला नकोत. भाव रुपये प्रति क्विंटल. आकडे उदाहरणापुरते आहेत.

एलिमेंटला नाव असतंच. मग टाइप वेगळा कशाला हवा?

नाव सांगतं की ही जागा कशाची आहे. त्या जागेत काय मावतं आणि त्याच्याशी कसं वागायचं, हे टाइप सांगतो. ‘कमाल’ या नावावरून तुम्हाला-मला कळतं की आत भाव आहे, कारण आपण बाजार बघितलेला असतो. प्रोसेसरला, म्हणजे फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, तो अनुभव नाही. त्याच्या दृष्टीने ‘कमाल’ आणि ‘माल’ या दोन खुणा आहेत आणि दोन्हींच्या आत अक्षरं आहेत.

बाजार समितीच्या आवारात कांद्याची ट्रॉली आली की काट्यावर जाईपर्यंत ती नुसती ट्रॉली असते. शेतकऱ्याला अंदाज असतो, व्यापाऱ्यालाही असतो, पण हिशोब होतो तो काट्याच्या पावतीवर. एक्सएमएलमध्ये व्हॅलिडेशन, म्हणजे फाइल तिच्या लिखित नियमांशी (स्कीमाशी) ताडून बघणं, हा तो काटा आणि टाइप ही ती पावती. फाइल काट्यावरून गेली नसेल तर आतल्या कुठल्याही एलिमेंटला पावती नसते, मग त्याचं नाव कितीही बोलकं असो. या पानावरचे निम्मे प्रश्न या एका गोष्टीतून उगवलेले आहेत.

‘१२००’ दिसतोय ना स्पष्ट आकडा. क्वेरीला तो आकडा का वाटत नाही?

कारण फाइल व्हॅलिडेट झालेली नाही. अशा वेळी एक्सक्वेरी आणि एक्सपाथ २.० या एक्सएमएलला प्रश्न (क्वेरी) विचारायच्या भाषा प्रत्येक एलिमेंटला ‘अनटाइप्ड’ धरतात, आणि त्यातून काढलेल्या किमतीला ‘अनटाइप्ड-ॲटॉमिक’ म्हणतात. म्हणजे काहीतरी आहे, पण काय ते ठरलेलं नाही. ते कसं वाचायचं हे मग आजूबाजूच्या संदर्भावर ठरतं, आणि संदर्भागणिक नियम बदलतो.

हे मी पुस्तकात वाचून नाही शिकलो. एका कामासाठी मी बाजारभावाच्या नोंदींवर एक साधी तपासणी लिहिली होती: जिथे कमाल भाव किमान भावापेक्षा कमी दिसेल ती नोंद चुकीची म्हणून बाजूला काढायची. उन्हाळ कांदा हजाराच्या वर होता तोपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग भाव उतरला. किमान ९५०, कमाल १२०० अशा नोंदी यायला लागल्या आणि माझ्या क्वेरीने त्या सगळ्या चुकीच्या ठरवून बाजूला काढल्या. त्या आठवड्याची सरासरी वरचढ दिसली, कारण स्वस्तात विकल्या गेलेल्या मालाच्याच नोंदी गळल्या होत्या. ज्यांनी कमी भावात कांदा दिला त्यांचाच हिशोब तक्त्यातून गायब झाला, हे मला आजही खटकतं.

कारण साधं होतं. दोन्ही बाजूंना अनटाइप्ड किंमत असेल तर ‘<’ आणि ‘>’ त्यांची तुलना अक्षरांसारखी करतात. ‘१२००’ चं पहिलं अक्षर १, ‘९५०’ चं ९. एक नवाच्या आधी येतो, म्हणून १२०० लहान ठरला. दोन्ही भाव चार आकडी असतील तर अक्षरांची तुलना आणि संख्यांची तुलना एकच उत्तर देते, म्हणून चूक इतके दिवस दडून राहिली.

पण ‘कमाल > १०००’ अशी अट तर बरोबर चालते. आणि ‘मॅक्स’ही बरोबर उत्तर देतं. असं कसं?

हाच गोंधळाचा गाभा आहे, म्हणून सगळे नियम एका जागी सांगतो. सगळे अनटाइप्ड किमतीबद्दलचे आहेत.

एका बाजूला अनटाइप्ड आणि दुसऱ्या बाजूला खरीखुरी संख्या असेल तर ‘>’, ‘=’ वगैरे अनटाइप्डला ‘डबल’ (दशांश अंदाजे साठवणारी संख्या) करून घेतात. म्हणून ‘कमाल > १०००’ चालतं. दोन्हीकडे अनटाइप्ड असेल तर दोन्ही अक्षरं. बेरीज-वजाबाकीत डबल. ‘सम’, ‘मॅक्स’, ‘मिन’, ‘एव्हीजी’ (सरासरी) यांतही डबल. पण क्रम लावणारं ‘ऑर्डर बाय’ लावलं की अक्षरं, आणि वेगवेगळ्या किमती निवडणाऱ्या ‘डिस्टिंक्ट-व्हॅल्यूज’ मध्येही अक्षरं. त्यामुळे एकाच फाइलवर ‘मॅक्स’ १२०० सांगतो आणि उतरत्या क्रमाच्या यादीत सगळ्यात वर ९५० दिसतो. दोन्ही उत्तरं भाषेच्या नियमाप्रमाणे बरोबर आहेत.

‘ईक्यू’, ‘जीटी’, ‘एलटी’ ही शब्दांत लिहिलेली तुलना जास्त कडक आहे. ती अनटाइप्डला थेट अक्षरं मानते, आणि समोर संख्या असेल तर ‘एक्सपीटीवाय०००४’ ही टाइपची चूक दाखवून थांबते. मला ही कडक तुलना आवडते. चुकीच्या उत्तरापेक्षा थांबलेली क्वेरी केव्हाही बरी.

आमची जुनी क्वेरी एक्सपाथ १.० वर बरोबर चालत होती. नव्या प्रोसेसरवर उत्तर का बदललं?

एक्सपाथ १.० (नोव्हेंबर १९९९) मध्ये टाइप चारच होते: नोडसंच, अक्षरं, संख्या, हो-नाही. तिथे ‘<’ आणि ‘>’ नेहमी दोन्ही बाजूंची संख्या करूनच तुलना करायचे. जानेवारी २००७ मध्ये एक्सपाथ २.० आणि एक्सक्वेरी १.० आले आणि स्कीमाची टाइपव्यवस्था भाषेच्या आत आली. त्याबरोबर वर सांगितलेले नवे नियमही आले. म्हणजे माझी ती तपासणी १.० वर बिनचूक चालली असती. जुन्या क्वेऱ्या हलवताना दोन एलिमेंटची एकमेकांशी तुलना कुठे कुठे आहे ते आधी शोधा आणि तिथे दोन्ही बाजूंना ‘डेसिमल’ (नेमकी दशांश संख्या) असं स्पष्ट रूपांतर लावा.

व्हॅलिडेशन नेमकं काय करतं? फक्त बरोबर-चूक सांगतं ना?

बरेच जण इथेच थांबतात. बरोबर-चूक हे त्याचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे प्रत्येक एलिमेंटवर आणि ॲट्रिब्यूटवर (टॅगच्या आत लिहिलेल्या गुणधर्मावर) टाइपचं नाव चिकटवणं, आणि स्कीमात दिलेल्या पूर्वनिर्धारित किमती भरणं. या भरलेल्या रूपाला ‘पोस्ट-स्कीमा-व्हॅलिडेशन इन्फोसेट’ असं लांबलचक नाव आहे, कामात सगळे ‘पीएसव्हीआय’ म्हणतात. क्वेरीची भाषा टाइप वाचते ती इथून.

ही पावती फाइलमध्ये लिहिली जात नाही. फाइल वाचताना प्रोसेसर स्मृतीत एलिमेंटांचं एक झाड उभं करतो, ती त्या झाडावर असते. तुम्ही व्हॅलिडेट केलं, फाइल पुन्हा डिस्कवर जतन केली आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडली, तर ती परत अनटाइप्डच. ‘आम्ही सकाळीच व्हॅलिडेट केली होती’ याचा संध्याकाळच्या क्वेरीला काही उपयोग नाही. फाइलच्या डोक्यावर ‘स्कीमा-लोकेशन’ लिहिलं असलं तरी तो फक्त इशारा आहे, प्रोसेसरने तो मानलाच पाहिजे असं बंधन नाही.

डीटीडी पुरत नाही का?

रचनेपुरता पुरतो. डीटीडी, म्हणजे रचनेचे नियम लिहायची जुनी पद्धत, एसजीएमएल या एक्सएमएलच्या आधीच्या भाषेकडून वारशाने आला आणि फेब्रुवारी १९९८ च्या एक्सएमएल १.० मध्येच आहे. कोणत्या एलिमेंटमध्ये कोणती मुलं, कोणत्या क्रमाने, हे तो सांगतो. पण एलिमेंटच्या आतल्या मजकुराबद्दल तो इतकंच म्हणतो की ‘इथे अक्षरं आहेत’. भाव, तारीख, वजन हा भेद त्याला करता येत नाही. मे २००१ मध्ये एक्सएमएल स्कीमा (थोडक्यात एक्सएसडी) आली ती ही उणीव भरायला. तिच्यात १९ मूळ साधे टाइप आहेत आणि त्यांच्यावरून बंधनं घालून आपापले टाइप बनवता येतात.

‘कमाल इन्स्टन्स ऑफ डेसिमल’ लिहिलं, फाइल व्हॅलिड आहे, तरी उत्तर ‘फॉल्स’. का?

दर बॅचमध्ये हा प्रश्न येतो. ‘इन्स्टन्स ऑफ’ विचारतं की ही गोष्ट त्या टाइपची आहे का. ‘कमाल’ हे एलिमेंट आहे, म्हणजे झाडावरची एक फांदी. डेसिमल ही किंमत आहे. फांदी म्हणजे किंमत नव्हे, तिच्या आत किंमत आहे. दोनपैकी एक लिहा:

डेटा(कमाल) इन्स्टन्स ऑफ डेसिमल

कमाल इन्स्टन्स ऑफ एलिमेंट(कमाल, डेसिमल)

पहिल्यात किंमत बाहेर काढून तिला प्रश्न विचारला. दुसऱ्यात फांदीला विचारलं की तुझं नाव कमाल आणि तुझ्या पावतीवर डेसिमल किंवा त्यापासून निघालेला टाइप आहे का.

बेरीज करताना हा गोंधळ जाणवत नाही, कारण तिथे भाषा आपणहून किंमत बाहेर काढते. म्हणून लोक गाफील राहतात.

‘एलिमेंट(कमाल)’, ‘एलिमेंट(कमाल, भावप्रकार)’ आणि ‘स्कीमा-एलिमेंट(कमाल)’ यांत फरक काय?

पहिला फक्त नाव बघतो. आत काहीही असो, पावती असो-नसो.

दुसरा नाव आणि टाइप दोन्ही बघतो. आपण स्कीमात बनवलेला ‘भावप्रकार’ किंवा त्यापासून घोषित करून काढलेला कोणताही टाइप चालतो. नावाच्या जागी चांदणी (*) टाकली तर नाव काहीही चालतं आणि टाइप तेवढा तपासला जातो. किमान, कमाल, सर्वसाधारण या तिघांसाठी एकच फंक्शन लिहायचं असेल तर मी हेच वापरतो.

तिसरा स्कीमातल्या घोषणेकडे बोट दाखवतो: ‘तिथे या नावाने जे जाहीर केलंय तसं.’ त्यासाठी ती घोषणा स्कीमात वरच्या पातळीवर, म्हणजे ग्लोबल, असावी लागते. याची खरी ताकद बदली-गटात दिसते. समजा ‘फळ’ हे प्रमुख एलिमेंट आहे आणि ‘द्राक्ष’, ‘डाळिंब’ त्याच्या जागी येऊ शकतात असं स्कीमात लिहिलंय. निफाडच्या पॅकहाउसमधून द्राक्षाची नोंद आली आणि सटाण्याहून डाळिंबाची, तरी ‘स्कीमा-एलिमेंट(फळ)’ दोन्ही पकडतो. ‘एलिमेंट(फळ)’ यांतलं एकही पकडणार नाही, कारण त्याला अक्षरशः ‘फळ’ हेच नाव हवं.

दुसरा-तिसरा प्रकार वापरायचा तर क्वेरीच्या सुरुवातीला ‘इम्पोर्ट स्कीमा’ लागतो. नाहीतर प्रोसेसर म्हणेल, ‘भावप्रकार’ हे नाव माझ्या ओळखीचं नाही.

दोन टाइपांची रचना तंतोतंत सारखी आहे. एकाच्या जागी दुसरा का चालत नाही?

कारण एक्सएमएल स्कीमा आणि एक्सक्वेरीत टाइपची ओळख नावावरून होते. ‘भावप्रकार’ म्हणजे शून्य किंवा त्याहून मोठी डेसिमल संख्या, ‘वजनप्रकार’ म्हणजेही तेच. आतून बघितलं तर जुळी भावंडं. तरी भाव मागणाऱ्या फंक्शनला वजनाचं एलिमेंट दिलं तर ते नाकारलं जातं. मला हे योग्यच वाटतं. क्विंटल आणि रुपये दोन्ही दशांशात लिहितात म्हणून ते एक होत नाहीत.

दुसरा विचारही आहे आणि तो कमी प्रतीचा नाही. हारुओ होसोया आणि बेंजामिन पियर्स या संशोधकांच्या ‘एक्सड्यूस’ या भाषेत टाइप म्हणजे रचनाच. जो मजकूर त्या रचनेत बसतो तो त्या टाइपचा, मग एक मजकूर चार टाइपांत बसला तरी हरकत नाही. जेम्स क्लार्क आणि मुराता माकोतो यांनी २००१ मध्ये आणलेली ‘रिलॅक्स एनजी’ ही स्कीमा लिहायची भाषाही याच वळणाची: ती मजकूर बसतो की नाही एवढंच सांगते, पावती चिकटवणं आपलं काम मानत नाही. नावावर चालणाऱ्या व्यवस्थेचं गणित जेरोम सिमेऑं आणि फिलिप वॅडलर यांनी २००३ मध्ये नीट मांडलं. त्यांनी व्हॅलिडेशनचे दोन भाग वेगळे करून दाखवले: टाइप पुसले तर मूळ मजकूर परत मिळाला पाहिजे, आणि टाइपसकट असलेला मजकूर टाइपशी जुळला पाहिजे. हे समजलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

यातून एक व्यवहारी सल्ला निघतो. स्कीमा लिहिताना टाइपला नाव द्या. एलिमेंटच्या पोटातच निनावी टाइप लिहिला तर क्वेरीत त्याला हाक मारायला नावच नसतं.

‘वजन’ हे एकच नाव दोन ठिकाणी दोन टाइपांनी वापरता येईल का?

दोन वेगळ्या आईबापांखाली येईल. ‘गाडी’ खालचं वजन क्विंटलमध्ये दशांश, ‘नमुना’ खालचं वजन ग्रॅममध्ये पूर्णांक, असं एक्सएसडीत स्थानिक घोषणांनी जमतं. डीटीडीत जमत नाही, तिथे एका नावाला संपूर्ण फाइलभर एकच अर्थ. पण एकाच आईच्या पोटी दोन ‘वजन’ वेगळ्या टाइपांची एक्सएसडीतही चालत नाहीत. रिलॅक्स एनजीत तेही चालतं. एप्रिल २०१२ च्या एक्सएसडी १.१ मध्ये थोडी मोकळीक मिळाली: ॲट्रिब्यूटची किंमत बघून टाइप निवडता येतो, म्हणजे एकक ‘ग्रॅम’ असेल तर एक टाइप, ‘क्विंटल’ असेल तर दुसरा.

‘कास्ट’, ‘कास्टेबल’, ‘ट्रीट’, ‘व्हॅलिडेट’ यांत कधी काय?

कास्ट किंमत बदलतं: अक्षरांतून डेसिमल तयार करून देतं, जमलं नाही तर चूक. कास्टेबल आधी विचारून घेतं, जमेल का. ट्रीट काहीच बदलत नाही, ते फक्त प्रोसेसरला शब्द देतं की ‘हे अमुक टाइपचंच आहे’, आणि शब्द खोटा ठरला तर चालताना थांबतं. व्हॅलिडेट मात्र पूर्ण झाड घेतं, काट्यावरून नेतं आणि पावत्यांसह नवीन प्रत देतं.

स्कीमा हाताशी नसेल, दोन-चारच जागा असतील, तर कास्ट पुरेसं आहे.

व्हॅलिडेशन लावलं आणि चालणारी क्वेरीच मोडली!

मोडणारच, आणि ते वाईट नाही. ‘कंटेन्स(कमाल, "१२")’, म्हणजे कमालमध्ये ‘१२’ ही अक्षरं आहेत का हा प्रश्न, अनटाइप्डवर चालत होता, कारण अक्षरं हवीत म्हटल्यावर अनटाइप्ड मुकाट्याने अक्षरं होतं. आता कमाल डेसिमल आहे आणि डेसिमल आपणहून अक्षरं होत नाही. तिथे ‘स्ट्रिंग(कमाल)’ लिहा, स्ट्रिंग म्हणजे अक्षरांचा टाइप. दुसरं, पूर्ण ‘नोंद’ वर ‘डेटा’ लावलं तर पूर्वी आतला सगळा मजकूर एकत्र चिकटून मिळायचा. आता स्कीमाने सांगितलंय की नोंदीत फक्त एलिमेंट असतात, म्हणून तिला स्वतःची किंमत नाही आणि ‘एफओटीवाय००१२’ ही चूक येते.

भाव निघालाच नाही त्या दिवशी ‘<कमाल/>’ असा रिकामा टॅग ठेवला तर?

रिकामं म्हणजे शून्य अक्षरं, आणि शून्य अक्षरांतून डेसिमल होत नाही. स्कीमा नाकारेल. अनटाइप्ड फाइलवर ‘सम’ लावला तरी चूक येईल. सरळ रस्ता म्हणजे तो टॅगच घालू नका आणि स्कीमात ‘मिनऑकर्स’ (किमान किती वेळा यावा) शून्य ठेवा. टॅग असायलाच हवा असेल तर घोषणा ‘निलेबल’ करा आणि टॅगवर ‘निल’ ट्रू लिहा. मग त्याची किंमत रिकामी मालिका ठरते आणि बेरजेत ती अडथळा आणत नाही. क्वेरीत मात्र ‘एलिमेंट(कमाल, भावप्रकार?)’ असं टाइपपुढे प्रश्नचिन्ह लागतं, नाहीतर निल असलेलं एलिमेंट जुळत नाही.

त्या जागी ० लिहू नका. शून्य रुपये भाव आणि लिलाव न होणं या वेगळ्या घटना आहेत.

रुपयांसाठी डेसिमल की डबल?

डेसिमल. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ येत नाही, शेपटीला ४ लटकतो. अनटाइप्डवरची बेरीज डबलमध्येच होते हे आठवतं ना? पैशांच्या फाइलला स्कीमा लावण्याचं एवढं एक कारणही पुरे आहे.

‘१,२०,०००’ आणि ‘१२/०४/२०२४’ स्कीमा का नाकारते?

डेसिमलमध्ये स्वल्पविराम चालत नाही, ना आपला लाख-कोटींचा, ना कोणाचा. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमात, आडव्या रेघांनी. आपल्याकडे एक्सेलमधून फाइल बनवणारा माणूस दिवस-महिना-वर्ष लिहितो, त्यामुळे पहिल्या व्हॅलिडेशनला ढिगाने चुका येतात. घाबरू नका, त्या सगळ्या एकाच जातीच्या असतात.

तारखेला शेवटी +०५:३० जोडता येतं. न जोडलेल्या तारखांची तुलना, गरज पडल्यास, प्रोसेसरच्या स्वतःच्या वेळेनुसार होते. सर्व्हर दुसऱ्या देशात असेल तर हे लक्षात असू द्या.

देवनागरी आकड्यांत लिहिलेली रक्कम चालेल?

नाही. इंटिजर (पूर्णांक), डेसिमल, डेट (तारीख) यांना इंग्रजी आकडेच लागतात. देवनागरीत ४२२००१ लिहून इंटिजर करायला गेलात तर ‘एफओआरजी०००१’ ही चूक येते.

पण इथे एक चोरवाट आहे आणि मराठी मजकुराशी काम करणाऱ्यानेच ती बुजवली पाहिजे. पिनकोडसाठी बरेच जण स्ट्रिंग घेऊन ‘बॅकस्लॅश-डी, सहा वेळा’ असा पॅटर्न (अक्षरांचा साचा) लावतात. एक्सएसडीत बॅकस्लॅश-डी म्हणजे युनिकोडमधला कोणताही दशमान अंक. त्यात देवनागरी, गुजराती, अरबी सगळे आले. म्हणजे देवनागरीतला ४२२००१ हा पिनकोड व्हॅलिड ठरतो, आणि इंग्रजीत लिहिलेल्या त्याच पिनकोडशी मात्र जुळत नाही. एकाच नाशिकच्या दोन याद्या होतात. पॅटर्नमध्ये शून्य ते नऊचा इंग्रजी आवाका चौकोनी कंसात स्पष्ट लिहा. आधीच आत शिरलेले आकडे ‘ट्रान्सलेट’ फंक्शनने बदलून घ्या: पहिल्या यादीत दहा देवनागरी अंक, दुसरीत दहा इंग्रजी.

‘मॅक्सलेंथ’ (मजकुराची कमाल लांबी) आठ ठेवली. ‘पिंपळगाव’ बसेल का?

बसेल, नेमकं. लांबी युनिकोडच्या वर्णांवर मोजतात, डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांवर नाही. पिंपळगाव: प, वेलांटी, अनुस्वार, प, ळ, ग, काना, व, असे आठ. ‘द्राक्षे’ डोळ्यांना दोनच अक्षरं वाटतात पण तीही आठ भरतात, कारण दोन हलन्त लपलेले आहेत. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत यातला प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो, म्हणून स्कीमात आठ आणि डेटाबेसच्या रकान्यात आठ बाइट असं असेल तर स्कीमा हो म्हणेल आणि डेटाबेस कापेल.

‘उन्हाळ कांदा’ स्कीमातल्या चालणाऱ्या किमतींच्या यादीत आहे, तरी व्हॅलिडेशन नापास?

शेवटी एक मोकळी जागा राहिली असेल. स्ट्रिंग मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवते. यादी ‘टोकन’ वर उभी करा, तो कडेच्या जागा काढतो आणि मधल्या अनेक जागांची एक करतो. संख्यांच्या बाबतीत हे आपोआप होतं.

एलिमेंटची नावं खरंच मराठीत ठेवता येतात?

हो, एक्सएमएल १.० च्या पहिल्या आवृत्तीपासून. एक सावधगिरी मात्र हवी: ‘शेतकऱ्याचं’ मधला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हा स्वतंत्र वर्ण आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा वर्ण. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण नाव जुळवताना वर्णाला वर्ण लावून बघतात, त्यामुळे स्कीमात एक आणि क्वेरीत दुसरं असेल तर एलिमेंट सापडतच नाही. ‘नॉर्मलाइज-युनिकोड’ही या दोघांना एक करत नाही. शिवाय तो न दिसणारा वर्ण नावात ठेवायची परवानगी पाचव्या आवृत्तीत, २००८ मध्ये, मिळाली. जुने पार्सर (एक्सएमएल वाचणारे प्रोग्रॅम) फाइलच नाकारतात. मी नावांत ऱ टाळतो, ‘शेतकरी-नाव’ लिहितो.

क्वेरीतच नवीन एलिमेंट बनवलं तर त्याचा टाइप काय?

कोरा. आत टाइप असलेलं एलिमेंट ठेवलं तरी काय होईल ते क्वेरीच्या सुरुवातीच्या ‘डिक्लेअर कन्स्ट्रक्शन’ या घोषणेवर ठरतं: ‘स्ट्रिप’ असेल तर आतल्या पावत्याही फाडल्या जातात, ‘प्रिझर्व्ह’ असेल तर आतल्यांच्या राहतात आणि बाहेरच्याला ‘एनीटाइप’ (कोणताही टाइप) मिळतो. अहवालाची फाइल पुढे कोणी टाइपसह वापरणार असेल तर ती पुन्हा ‘व्हॅलिडेट’ मधून काढा.

कमाल भाव किमानपेक्षा कमी नसावा, हे स्कीमातच लिहिता येईल?

एक्सएसडी १.० मध्ये नाही, तिथे एका एलिमेंटची किंमत दुसऱ्यापेक्षा लहान की मोठी असावी हे सांगता येत नाही. १.१ मध्ये ‘असर्ट’ आहे, त्यात एक्सपाथची अट लिहायची. ती टाइप माहीत असलेल्या झाडावर तपासली जाते, म्हणून ९५० आणि १२०० चा घोळ होत नाही. दुसरा पर्याय रिक जेलिफ यांचं स्कीमाट्रॉन, जे २००६ मध्ये आयएसओ मानक झालं. त्यात चुकीचा संदेशही आपल्या भाषेत देता येतो: ‘कमाल भाव किमानपेक्षा कमी आहे, पट्टी पुन्हा बघा.’ नोंद भरणाऱ्या माणसाला हे वाचून काय करायचं ते कळतं.

गट नंबरला कोणता टाइप?

स्ट्रिंग किंवा टोकन. ज्याची बेरीज करणार नाही तो आकडा नाही. गट नंबरात तिरकी रेघ येते, ‘अ’ येतो. मोबाइल नंबर आणि पिनकोडही याच रांगेत.

हे सगळं आता कोण वापरतं? सगळं जेसनवर (डेटा लिहायच्या दुसऱ्या पद्धतीवर) गेलं ना?

बरंच गेलं. पण टॅलीची आयात-निर्यात एक्सएमएलमध्ये होते, आधारची ऑफलाइन ई-केवायसी एक्सएमएल आहे, वर्डची फाइल आतून एक्सएमएल आहे. कंपन्यांचे ताळेबंद ज्या एक्सबीआरएलमध्ये भरतात त्यातली प्रत्येक संकल्पना म्हणजे एक्सएमएल स्कीमातलं टाइप असलेलं एक एलिमेंट. आमच्या गटातल्या अकाउंट्सवाल्या ताईंना हे कळलं तेव्हा त्यांनी पुढचे तीन रविवार त्यावरच घ्यायला लावले.

घरी करून बघायला काय लागेल?

फक्त बरोबर-चूक बघायचं असेल तर ‘एक्सएमएललिंट’, फुकट आहे, एक्सएसडी १.० तपासतं. १.१ हवं असेल तर जावाचं झर्सीस. एक्सक्वेरी शिकायला बेसएक्स किंवा एग्झिस्ट घ्या. त्यांत व्हॅलिडेशन स्वतंत्र फंक्शनने होतं, पण टाइपची पावती क्वेरीपर्यंत येत नाही, म्हणून ‘इम्पोर्ट स्कीमा’ तिथे चालणार नाही. पावतीसह काम करायचं तर सॅक्सनची एंटरप्राइज आवृत्ती लागते, तिची फुकट होम आवृत्ती स्कीमा ओळखत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ पासून एक्सएमएल रकान्याला स्कीमा बांधता येते, आणि तो क्वेरी चालवण्याआधीच टाइप तपासतो. पोस्टग्रेसमध्ये एक्सपाथ १.० आहे, टाइप नाहीत.

बेसएक्स उतरवा, वरची नोंद इंग्रजी आकड्यांत टाइप करा आणि त्याच्यावर पहिली ओळ हीच चालवून बघा: ‘नोंद/कमाल > नोंद/किमान’. मग दोन्ही बाजूंना ‘डेसिमल’ लावून पुन्हा.